हयात साक्षीदार

आठवणींचा साठा कंपनीने नव्या ठिकाणी हलवला आणि मधुसूदन सुर्व्यांना सकाळपासून बायकोचा चेहरा आठवेना. शोभना हे नाव तेवढं डोक्यात उरलं होतं.

"नवा पत्ता टाकला, नवा पासवर्डही टाकला," ते फोनवर वैतागून म्हणाले. "तरी जोडणी होत नाही म्हणतंय!"

"काका, साठा तुमचाच आहे याची खात्री लागते," सेवा केंद्रातली तेजल म्हणाली. "तुमची एक आठवण लिहायची आणि ती खरी आहे असं सांगणारं कुणीतरी हयात हवं. घरी कोण आहे?"

"कुणी नाही."

"भाऊ? मित्र?"

"सगळे गेले. थांब हं, कुकरची शिट्टी झाली."

गॅस बंद करून ते परत आले तेव्हा तेजल हळूच म्हणाली, "काका, हीच आठवण लिहा. शिट्टी मीही ऐकली. साक्षीदार म्हणून माझं नाव टाका."

त्यांनी लिहिलं. पडद्यावर पुढचा प्रश्न आला: साक्षीदाराशी नातं? खाली पर्याय होते. सुर्व्यांचं बोट 'मुलगी'वर रेंगाळलं.

"काका, 'इतर' निवडा," तेजल म्हणाली. "नाहीतर तपासणीत अडकेल."

त्यांनी 'इतर' निवडलं. जोडणी झाली आणि शोभना, ओले केस पंच्याने झटकत, डोळ्यांसमोर उभी राहिली.

"आली गं, आली!" ते फोनमध्ये ओरडले.

तेजलने तोवर दुसरा फोन घेतला होता.