मेथीची जुडी

"उतर खाली. तू हलकी आहेस, टेबल नाचेल."

"नाचू दे, अण्णा. तुम्ही फिरवा." मेथीची जुडी घेऊन वसुधा टेबलावरच बसली.

आंब्यावरून पडून कणा मोडला, अण्णांचे पाय गेले, तेव्हा डॉक्टरांनी हृदयासाठी हातांचा व्यायाम सांगितला. टेबलाच्या कडेला सायकलची पायडलं बसवली. टेबल हलू नये म्हणून आई रोज त्यावर बसून मेथी निवडायची. जुडी संपेपर्यंत अण्णांनी थांबायचं नाही, असा तिचा दंडक. अण्णांचं हृदय जपता जपता बंद पडलं ते आईचं. दिवसकार्य झालं, तरी अण्णांनी पायडलांना हात लावला नव्हता.

बऱ्याच वेळानं पायडलं करकरली. वसुधा खाली मान घालून भराभर पानं खुडू लागली.

"इतक्या घाईनं नको गं," अण्णा धापा टाकत म्हणाले. "तुझी आई मुद्दाम सावकाश निवडायची."