मागून येणारी शीळ

गरम पाण्याच्या टबात पाय बुडवले आणि धाकट्याच्या तोंडून नकळत "आई गं" निघालं. वाट संपली होती, पण पायांना ते अजून कळलं नव्हतं. पोटऱ्या आपल्या चालतच होत्या.

"मीठ टाकलंय, चुरचुरेल जरा," विश्रामगृहाची मालकीण म्हणाली. तिने त्याच्या पाठीशी उशी सरकवली. "महिनोन्‌महिने पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडायचं आणि शेवटी येऊन माझ्या टबाचा रंग बदलायचा. सगळ्यांची हीच तऱ्हा."

"अजून एकदा बदलणार आहे, काकू. ताई मागून येतेय."

"मग ठेवते आणखी पाणी तापत. लांब आहे का बरीच?"

धाकट्याने खिडकीकडे तोंड करून एक लांब शीळ घातली. क्षणभर काहीच नाही. मग वरच्या झाडीतून, धुक्याच्या पदराआडून, दोनदा आखूड शीळ आली.

"ही काय. आलीच."

मालकीण हसली. "छान आहे की. हाका मारून घसा बसवायला नको."

"आईने लावलेली सवय. लहानपणी बाजारात हरवायचो ना आम्ही. एकदा शीळ म्हणजे 'कुठे आहेस', दोनदा म्हणजे 'आहे, आहे'. कितीही भांडण झालं तरी उत्तर द्यायचंच, असा कायदा."

"आणि भांडण झालंय," मालकीण म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

धाकटा ओशाळला. खुर्ची मऊ होती, अंगावर साबणाच्या वासाचा कोरडा सदरा होता. बाजूच्या पलंगांवर दोन पांढऱ्याशुभ्र चादरी ताणून घातलेल्या. खिडकीजवळचा पलंग त्याने ताईसाठी सोडला होता. इतक्या सुखात खोटं बोलवेना.

"बिस्किटांवरून. हसू नका. शेवटचा पुडा होता आणि ताई त्यातली अर्धी एका पाखराला भरवत बसली. खालच्या रानापासून ते तिच्या मागे लागलेलं. काळं, गळ्यापाशी एकच पांढरं पीस. पार तिच्या पिशवीवर बसून यायचं. लाडोबा म्हणायची त्याला. मी म्हटलं, माणसं उपाशी आणि लाडोबाची मेजवानी. मग शब्दाला शब्द. शेवटी म्हटलं, बस मग इथेच त्याला मांडीवर घेऊन. आणि निघालो तडक."

"कुठे झालं हे?"

"वर, खिंडीत. धुकं इतकं की स्वतःचा हात दिसेना. मागे दगड गडगडत गेल्याचं ऐकलं. ताई चिडली की दगडांना लाथा घालते, लहानपणापासूनचं आहे. मी शीळ घातली. तिने जरा वेळ लावला, रुसली की लावतेच. पण दिलं उत्तर. कायदा म्हणजे कायदा."

मालकिणीने टबात आणखी गरम पाणी ओतलं. वाफ दोघांच्या मधून वर गेली.

"आणि तेव्हापासून?"

"अबोला. मी पुढे, ती मागे. मी थांबलो की ती थांबते. तंबू वेगळे, चूल वेगळी. झोपताना शीळ, उठल्यावर शीळ. तेवढंच काय ते बोलणं."

"तोंड नाही पाहिलं तिचं?"

"धुक्यात कुणाचं तोंड दिसतंय, काकू? आणि मीच आधी मागे वळायचं, असं का? मोठी ती आहे." मग आवाज खाली आणत म्हणाला, "पण आज मिटवायचंय. उद्या आई येणार आहे घ्यायला. फोनवर म्हणाली, दोघं हसत गेलात तशी दोघं हसत या. तिच्यापुढे फुगलेली तोंडं नाही न्यायची मला."

"मग मिटव," मालकीण म्हणाली. ती खिडकीशी गेली, पडदा बाजूला धरून उभी राहिली. "बोलाव बरं पुन्हा."

त्याने शीळ घातली. उत्तर या वेळी लगेच आलं, परसाच्या कुंपणापलीकडून.

"दम लागलेला दिसत नाही," मालकीण हळूच म्हणाली. "एवढी उतरण उतरून माणसाची शीळ फाटते. हिची अगदी पहिल्यासारखीच."

"काटक आहे ताई. मीच आमच्यातला आळशी."

तो टबातून उठला. पाय गुलाबी, कोवळे झाले होते, जणू एक पाऊलही चालले नव्हते. मालकिणीने दिलेल्या सपाता त्याने चढवल्या.

"काकू, बिस्किटं मिळतील?"

तिने फडताळातून पुडा काढून दिला, क्रीमची होती. तो पुडा हातात खेळवत धाकटा मनाशी बोलणं जुळवू लागला. काय म्हणावं? ताई, चुकलो. छे, फार साधं. ताई, हा अख्खा पुडा तुझा, तू खा नाहीतर त्या लाडोबाला घाल, मी चकार शब्द काढणार नाही. हे बरं होतं. यावर ती हसणार, मग पाठीत धपाटा घालणार. त्या धपाट्यासाठी पाठ आतापासूनच शिवशिवायला लागली.

बाहेरून दोनदा शीळ आली. न बोलावता. अगदी दाराशी.

"बघा, तिलाच धीर नाही," तो हसून म्हणाला. मालकीण हसली नाही. तिची नजर खिडकीबाहेर होती, आणि पडदा तिने मुठीत घट्ट धरला होता.

धाकट्याने पुडा फोडला, एक बिस्कीट पुढे धरलं आणि मागचं दार उघडलं.

वळणापर्यंतची वाट रिकामी होती. पायरीजवळच्या कठड्यावर एक काळं पाखरू बसलं होतं, गळ्यापाशी एकच पांढरं पीस. त्याने मान तिरकी केली, धाकट्याच्या हातातल्या बिस्किटाकडे पाहिलं, आणि दोनदा शीळ घातली.