टेस्टमधली माणसं

"झाला का रे तुझा क्लायंट?" सोनलताईनं फोनवर विचारलं. तिला विचारायचं होतं ते वेगळंच, हे विनीतला कळत होतं.

उद्या चालू होतोय, असं त्यानं सांगितलं. ती नुसतं "हं" म्हणाली. मागे सान्वी काहीतरी गुणगुणत होती. ओळीच्या मध्येच तिचा दम संपत होता.

सान्वी म्हणजे सोनलताईची सात वर्षांची लेक. थॅलेसेमिया. पोरीला सारखं रक्त चढवावं लागे, आणि अलीकडे तिचं अंग कुणाचंही रक्त मानेनासं झालं होतं. नुसता गट जुळून भागत नव्हतं, रक्तातल्या बारीक खुणाही जुळायला हव्या होत्या. तसे दोनच दाते मिळाले होते. एक दुबईला गेला, दुसऱ्याला कावीळ झाली. आणि पुढचं रक्त चढवायचा मंगळवार तोंडावर आला होता.

म्हणून तर विनीत विठ्ठलवाडीच्या कीर्तन मंडळाचं काम घेऊन बसला होता. त्या मंडळाची रीतच न्यारी. कीर्तन संपलं, आरती झाली, की कपाळावर बुक्का लावलेली माणसं तशीच उठून टेबलापाशी यायची आणि रक्तदाता म्हणून नाव द्यायची. मंडळाचे भाऊ म्हणायचे, कीर्तन नुसतं कानात राहिलं तर काय उपयोग, रक्तात उतरायला हवं. कल्याण-डोंबिवलीतल्या अशा सगळ्या मंडळांचे दाते आता क्लाऊडवरच्या एकाच डेटाबेसमध्ये जमा झाले होते. मंडळाच्या लॅपटॉपवरून त्या डेटाबेसशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे क्लायंट, विनीतनं बांधला होता.

डेटाबेस दोन होते. एक खरा, एक टेस्टचा, म्हणजे नुसती चाचणी घ्यायला. पडद्यावर दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसत. फरक कॉन्फिगमधल्या, म्हणजे सेटिंगच्या फाइलमधल्या, एका ओळीचा, पत्त्याचा. बुधवारी त्यानं मंडळाच्या लॅपटॉपवर क्लायंट बसवला तो टेस्टला जोडून. शनिवारी येऊन खऱ्याला जोडतो, मगच वापरा, असं भाऊंना बजावलं. भाऊंनी मान डोलावली. शेजारी पेटी लागत होती, त्यांचा अर्धा कान तिकडे होता.

आता शुक्रवारची दुपार होती. नौपाड्यातल्या ऑफिसात विनीत एकटाच होता. शेजारच्या टेबलावरची कल्पिता आदल्या रात्रीच कोकणात गावी गेली होती. आठवडाभर टेस्टमध्ये खोटे दाते भरायचं काम तिच्याकडे होतं, आणि शोध नीट चालतोय का बघायला सान्वीचा रिपोर्टही त्यानं तिलाच दिला होता.

खऱ्याला जोडायच्या आधी टेस्ट रिकामा करायचा, ही त्याची शिस्त. त्यानं यादी उघडली आणि त्याला हसू आलं. श्री. बटाटे वडेवाले. सौ. साखरबाई चहावाल्या. खाली मात्र साधीच नावं लागली. बाईंचे विनोद संपले वाटतं, तो मनात म्हणाला.

एका ओळीवर तो थांबला. गट, खुणा, सगळं सान्वीचं. एकही खूण मागेपुढे नाही.

रिपोर्ट समोर ठेवून कल्पितानं अगदी मापाचा दाता घडवला होता. असा माणूस खरंच कुठे असता तर! नाव-गाव त्यानं वाचलं नाही. खोट्या माणसाचं नाव काय वाचायचं?

त्यानं सगळ्या ओळी पुसल्या.

पुसल्यावर आकडा आला, तो त्यानं दोनदा वाचला. कल्पितानं सांगितल्या होत्या त्याच्या दुप्पट नोंदी गेल्या होत्या. आपण खऱ्यालाच हात घातला की काय? कल्याण-डोंबिवलीतले सगळे दाते? आणि सान्वीसाठी शोधायला उरलं काय?

फोन वाजत राहिला, त्यानं घेतला नाही. कॉन्फिग उघडलं. पत्ता वाचला, बोट ठेवून पुन्हा वाचला. टेस्टचाच होता. तरी धीर होईना. त्यानं खरा डेटाबेस उघडला. पडदा क्षणभर पांढरा राहिला. मग नावांमागून नावं उतरू लागली, डोंबिवलीची, कल्याणची, उल्हासनगरची. सगळी जागच्या जागी.

"पांडुरंगा," विनीत म्हणाला आणि खुर्चीत मागे टेकला. जास्तीच्या नोंदी कल्पितानंच भरल्या असणार. टेस्टचा बॅकअपसुद्धा त्यानं ठेवला नव्हता. खोट्या माणसांना बॅकअप कशाला?

शनिवारी तो विठ्ठलवाडीला पोचला तेव्हा भाऊ दारातच उभे होते. त्यांनी त्याला जवळ ओढलं आणि हातावर पेढा ठेवला.

"रागावू नकोस हं, बाळा. आज अमावास्या. नव्या कामाला अमावास्या कशी चालेल? आम्ही परवा गुरुवारीच नारळ फोडला."

विनीतनं नारळ कशाला म्हणून विचारलं.

"अरे, तुझ्या यंत्राला. परवाच्या कीर्तनातले सगळे दाते त्यातच घेतले. बुवांनी गादीवरून सान्वीची गोष्ट सांगितली, मंडप रडला रे. तर मागून एक गृहस्थ उठले. बाहेरगावचे, कुणाच्या ओळखीचे नाहीत. खिशात ब्लड बँकेचं कार्ड. सोनलनं देऊन ठेवलेल्या सान्वीच्या रिपोर्टशी ताडून पाहिलं, खूण न् खूण जुळली."

विनीतचा पेढा हातातच राहिला.

"म्हणाले, गुप्तदान आहे, नाव कुणी विचारायचं नाही. फोन करा, असेन तिथून येतो. मग आम्ही सगळे पाठ करून उभे राहिलो आणि त्यांनी आपल्या हातानं नाव, नंबर सगळं तुझ्या यंत्रात लिहिलं." भाऊंनी उपरण्यानं डोळे टिपले. "सोनलला मी मघाशीच कळवलंय, ती रिक्षात बसलीसुद्धा. ती येईस्तोवर तेवढा नंबर काढून ठेव."