तीन ठिकाणी

धुळ्यात देवपूरच्या घरी पुढच्या खोलीत रविंद्र कॉम्प्युटरचा क्लास घेतो. कोणत्या सर्च इंजिनात आधी जाहिरातीच अंगावर येतात, कोणतं सुटसुटीत आहे, हे तो पोरांना तोंडपाठ सांगतो आणि दर बॅचकडून एक नियम घोकून घेतो, "एकावर विसंबू नका. तीन ठिकाणी एकच उत्तर आलं, तरच खरं माना." आतल्या खोलीत ज्वारी निवडता निवडता त्याच्या माय लिलाबाईंनाही तो नियम पाठ झालाय.

आज दवाखान्याबाहेरच्या बाकावर, माय शेजारी बसलेली असताना, त्याने तिच्या रिपोर्टवरचं आजाराचं नाव मोबाइलवर टाकलं. पहिल्यात उत्तराआधी चार जाहिराती सरकवाव्या लागल्या. दुसऱ्यात मागे निळ्या तळ्याचा सुरेख फोटो होता. तिसरं पांढरंशुभ्र, ठसठशीत अक्षरांचं, चष्म्याशिवायही वाचता येईल असं. वर्गात तो त्यालाच पैकीच्या पैकी मार्क द्यायचा. आज तेच त्याला सगळ्यांत नकोसं वाटलं.

यावर इलाज नाही, हे तिन्हींनीही पहिल्याच ओळीत सांगून टाकलं होतं.

लिलाबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "काय रे भाऊ, तिन्हीसनं उत्तर एकच शे का?"



"नही व माय," मोबाइल खिशात घालत तो म्हणाला, "तिन्ही अलग अलग सांगतस."