उजवा हात

"रक्ताच्या तपासणीचा आकडा कमी आलाय," डॉक्टर हातातला कागद बघत म्हणाले. "हार्ट अटॅकनंतर हृदयावर ताण येत असेल, तर रक्तात हा वाढतो. तसं दिसत नाही. उद्या घरी जा."

शिंप्याच्या बायकोने लगेच खाटेखालची पिशवी ओढली आणि नवऱ्याचा सदरा घडी करून आत ठेवला. शिंपी दोन उशांना टेकून बसला होता. आडवं झालं की धाप लागते, असं तो कालपासून सांगत होता.

दाराशी ट्रे घेऊन डास उभा होता. वॉर्डात रक्त घ्यायला येणाऱ्या या माणसाला सिस्टर कौतुकाने डास म्हणत. चावून जातो, पण कळत नाही. सकाळी मात्र शिंप्याच्या उजव्या हाताची शीर त्याला सापडली नव्हती. बायको टक लावून बघत होती. दुसऱ्यांदा टोचायची नामुष्की नको, म्हणून त्याने डाव्या हाताला लावलेल्या सलाईनच्या सुईतूनच रक्त ओढलं होतं. अशा रक्तात पाणी मिसळतं आणि आकडा खोटाच कमी येतो, हे नव्या लोकांना तोच शिकवायचा.

"डासभाऊ, तुमच्या हाताला यश आहे हो," बायको म्हणाली.

डासाचे कान तापले. त्याची नजर त्या दोन उशांवर गेली.

"डॉक्टर, रक्त परत घ्यावं लागेल," तो म्हणाला. "नळी... नळी खराब निघाली."

डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. नवा आकडा आल्याशिवाय घरी सोडणं नाही, एवढं सांगून ते पुढच्या खाटेकडे वळले. बायकोने सदरा पिशवीतून बाहेर काढला आणि नळ्या बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. डासाने ट्रेमधून नवी नळी काढली.

दंडाला पट्टा बांधताना गाठ दोनदा सुटली. उभा जन्म कारागिरांचे हात बघण्यात गेलेला शिंपी त्याची बोटं निरखत होता.

मग त्याने सलाईनचा डावा हात सावकाश पांघरुणाखाली सरकवला आणि उजवा पुढे केला.

"यातूनच घ्या," तो बायकोला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला. "चुकलं तर परत टोचा."