टेगनचे मिटलेले डोळे

मेरिबेथने पुढचा फोटो उघडला. त्यातही तिच्या लेकीचे, टेगनचे डोळे मिटलेले होते.

त्याआधीच्या फोटोत तोंड वेडंवाकडं झालं होतं. त्याच्याही आधीच्यात चेंडू बरोबर चेहऱ्यासमोर आला होता, आणि चेंडूवरच्या शिवणी मोजता येतील इतका स्पष्ट आला होता. मेरिबेथ अर्ध्या तासापासून डार्लीनच्या स्वयंपाकघरात बसून चार वर्षांचे फोटो बघत होती. तिने करून आणलेल्या लिंबाच्या वड्यांचा ट्रे टेबलावर तसाच झाकलेला होता.

"एकच हवाय," ती म्हणाली. "उद्या सकाळी छापायला द्यायचाय."

मंगळवारी शेवटच्या वर्षाच्या मुलींचा निरोपाचा सामना होता. त्या दिवशी जिमच्या भिंतीवर प्रत्येकीचा पुरुषभर उंचीचा फोटो लागतो, आणि पुढे तो आईबाप जन्मभर जपून ठेवतात. आठपैकी सात फोटो ठरले होते. सातही डार्लीनचेच होते, आणि एकापेक्षा एक होते. एक पोरगी तर नेटवर अशी उडाली होती, की तिच्या आजीने तो फोटो चर्चमध्ये सगळ्यांना फिरवून दाखवला.

आमच्या गावात व्हॉलीबॉलपुढे देवाचाही दुसरा नंबर लागतो, आणि व्हॉलीबॉलचे फोटो म्हणजे डार्लीन कुचेरा. पोस्टातून निवृत्त झालेली बाई. गेली सात वर्षं एकही सामना न चुकवता फुकट फोटो काढते आणि रात्रीत गावाच्या फेसबुक पानावर टाकते. तिच्याबद्दल वाकडा शब्द काढणाऱ्याला आमच्याकडे कुणी कॉफीसुद्धा विचारणार नाही.

"मारताना डोळे मिटते पोरगी," डार्लीन म्हणाली. "काहींना सवयच असते."

"प्रत्येक वेळी?"

"तुझ्यासमोरच आहेत की सगळे."

मेरिबेथने लॅपटॉपवरचे फोटो आणखी खाली सरकवले. टेगनचे अकराशे फोटो होते. दुसऱ्या कुठल्याच पोरीचे इतके नव्हते.

"तुमचा कॅमेरा सेकंदाला किती फोटो काढतो हो?"

"दहा."

"मग दहातला एकही..."

"घरी आले की निवडते मी. नको ते पुसून टाकते. सगळ्यांचेच."

"टेगनचे कुठले पुसता?"

डार्लीनने उठून कॉफी ओतली. आधी मेरिबेथच्या कपात, मग स्वतःच्या. एक थेंबही बाहेर सांडला नाही.

"तुझ्या नवऱ्याने माझ्या क्रिस्टाला संघात घेतलं नाही, त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "कोच आहे तो. माझी पोरगी कमी पडली असेल. पण जिमच्या दारावर यादी लागली, त्यात तिचं नाव होतं. टाईप केलेलं. आणि त्याच्यावर पेनाने रेघ मारली होती."

मेरिबेथने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"यादी तू टाईप केली होतीस. दुसरा कागद घ्यायचा कंटाळा आला का गं? आख्ख्या शाळेने तीन दिवस वाचली ती रेघ. क्रिस्टा परत त्या जिममध्ये गेली नाही. गावातही येत नाही आता."

"आयत्या वेळी त्याने नाव बदललं. मला घाई होती," मेरिबेथ म्हणाली. मग हळूच म्हणाली, "टेगन तेव्हा दहा वर्षांची होती, डार्लीन."

"माहितीये मला."

"दोन वर्षं झाली, ती घरात कुणाला फोटो काढू देत नाही. वाढदिवसालासुद्धा नाही. म्हणते, मी डार्लीनच्या फोटोत दिसते तशीच आहे, बाकी सगळे माझं मन राखायला खोटं बोलतात."

डार्लीनला हे ठाऊक नव्हतं, पण ऐकून ती फारशी हललीही नाही. तिने ट्रेवरचं झाकण काढलं आणि एक वडी उचलून खाल्ली.

"लिंबू जरा कमी पडलंय," ती म्हणाली.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. गाडीत बसून कंटाळलेली टेगन आत आली. उंच, घामेजलेली, केस कसेतरी वर बांधलेले. देखणी पोरगी आहे, हे गावात तिच्याशिवाय सगळ्यांना माहीत आहे.

"मिळाला का गं एखादा?"

मेरिबेथने तोंड उघडलं. सांगायचं तर ती यादीही सांगावी लागली असती, पेनाची रेघही, आणि ती रेघ कुणाची होती तेही. तिने लॅपटॉप बंद केला.

"नाही गं राणी. चांगला असा एकही नाही."

"बघ, मी सांगत होते. चेहराच तसा आहे, त्या तरी काय करणार?" टेगन डार्लीनकडे वळली. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं. शाळेच्या ओळखपत्रावरचा लावू. आणि ऐका, मंगळवारी आम्ही प्रत्येकीने एकेका माणसाला फूल द्यायचं असतं ना, ज्याने आपल्यासाठी सगळ्यात जास्त केलं त्याला. माझं मी तुम्हाला देणार आहे."

"मला?"

"सगळा वेळ कॅमेरा माझ्यावरच असायचा तुमचा. बाबांनीसुद्धा इतकं बघितलं नसेल माझ्याकडे."

डार्लीनने बोटाला लागलेली साखर पुसली.

"दे की," ती म्हणाली. "फक्त देताना तेवढे डोळे उघडे ठेव."

टेगन हसली. हसताना तिचा हात सवयीने तोंडावर गेला, आणि मेरिबेथने तो मनगटाला धरून खाली ओढला.