चाव्यावरची गोळी

"दाखवा तरी," दंतवैद्य म्हणाला.

भाऊजींनी रुमाल बांधलेला हात मागे घेतला. "त्यात काय बघायचं? कुत्रं चावलं. त्या दोन औषधांच्या एकत्र गोळ्या असतात ना, तेवढ्या दे."

"हिरडी सुजली, तीच गोळी. कान, सायनस, छाती, लघवीची जळजळ, तीच गोळी. आता तुम्हीच दवाखाना थाटा."

घरात एक दंतवैद्य असला की सगळ्या गोतावळ्याला फुकटचा डॉक्टर मिळतो. एरवी भाऊजी या टोमण्यावर हसले असते. पण दंतवैद्याची ताई, म्हणजे भाऊजींची बायको, घर सोडून गेल्याला आज चौथा दिवस होता. भांडून निघाली ती परतलीच नाही, असं भाऊजींनी पोलिसांत लिहून दिलं होतं. तिचा फोटो घेऊन ते गावभर वणवण फिरत होते. आईने अंथरूण धरलं होतं. दंतवैद्याचाही जीव थाऱ्यावर नव्हता, आणि भाऊजींकडे पाहून त्याला भडभडून येई.

शेवटी त्यांनी हात पुढे केला. दंतवैद्याने रुमाल सोडला आणि तळहाताची कड नळाखाली धरली. रक्त अजून पाझरत होतं. तो बराच वेळ जखम धूत राहिला.

"केव्हा चावलं?"

"आज सकाळी. दोनेक तास झाले."

"हो, ताजीच आहे. रेबीजचं इंजेक्शन घ्यावं लागेल."

"बघू. पाळीव होतं कुत्रं."

"टाके घालत नाही. चाव्यात जंतू खोल जातात, म्हणून पू व्हायच्या आधीच गोळी सुरू करायची. एक औषध जंतूंना मारतं, दुसरं त्या औषधाला जंतूंपासून सांभाळतं. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, पाच दिवस. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. पेनिसिलीनची ॲलर्जी?"

"नाही."

"तरी पहिली गोळी माझ्यासमोर घ्या आणि अर्धा तास बसा. कुणाच्या अंगावर पुरळ उठतं, कुणाचा घसा आवळतो."

"अर्धा तास? मला निघायचंय रे."

"बसा हो. तुम्हालाही काही झालं तर आई उठायची नाही."

भाऊजींनी गोळी गिळली. दंतवैद्याने खुर्ची मागे कलती केली, त्यांच्या डोक्याखाली उशी सारली, आणि एक्स-रेच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मग त्याने पोलीस ठाण्याचा नंबर लावला.

"साहेब, भाऊजी माझ्या दवाखान्यात आहेत. अर्धा तास मी त्यांना बसवून ठेवतो. त्यांच्या हातावर माणसाचा चावा आहे. वरच्या डाव्या सुळ्याची खूणच नाही. ताईचा तो सुळा गेल्या महिन्यात मीच काढलाय." त्याला रडू आवरेना. "लवकर या, साहेब. जखम आज सकाळची आहे. ताई जिवंत आहे."